बरे झाल्यानंतरचे व्याकरण

कर्करोगावरच्या किरणोपचाराला मराठी माणूस ‘शेक’ म्हणतो, नाहीतर ‘लाईट’ म्हणतो. शासकीय पत्रकांत ‘किरणोपचार’ असतो, परिभाषाकोशांत ‘प्रारण’ असते. परंतु रुग्णालयाच्या बाकावर आपल्या क्रमांकाची वाट पाहत बसलेला माणूस शेजाऱ्याला विचारतो ते ‘किती लाईट झाल्या?’ असेच. उत्तरही त्याच भाषेत येते : ‘बारा झाल्या, तेवीस राहिल्या.’ भाषा शिकवणारे म्हणून अशा लोकांनी घडवलेल्या शब्दांविषयी आम्हांला नेहमीच ममत्व वाटत आले आहे. अपरिचित आणि भीतिदायक गोष्टीला माणसे घरातला एखादा शब्द देतात आणि तिला उंबरठ्याच्या आत घेतात. मात्र या एका शब्दाविषयी आमचे मत गेल्या काही वर्षांत बदलले आहे.

बाळंतिणीला शेक देतात, मुरगळलेल्या पायाला विटेचा शेक देतात, कान दुखला की तव्यावर गरम केलेल्या फडक्याचा शेक देतात. या शब्दात तीन गोष्टी गृहीत आहेत. शेकात ऊब असते. तिचा गुण किंवा चटका तेव्हाच्या तेव्हा कळतो. आणि निखारा दूर केला की शेक संपतो. किरणोपचाराच्या बाबतीत या तिन्हींपैकी एकही गोष्ट खरी नाही. किरणांची मात्रा ‘ग्रे’ या एककात मोजतात. शरीराच्या एक किलो भागात एक ज्यूल ऊर्जा शोषली गेली की ती एक ग्रे. नाकामागच्या किंवा घशाच्या कर्करोगाला साधारणपणे ७० ग्रेपर्यंत मात्रा देतात, तीही ३५ दिवसांत वाटून. ही सगळी मात्रा एकदम दिली, तरी त्या जागेचे तापमान एका अंशाच्या पन्नासाव्या भागाइतकेही वाढणार नाही. चहाच्या एका घोटात याहून अधिक ऊब असते. किरणांचे काम उष्णतेने होत नाही. ते पेशीच्या केंद्रातले डीएनएचे धागे तोडतात, आणि त्या तुटण्याचा हिशेब पुढे कधीतरी, कधी कधी कित्येक वर्षांनी पुरा होतो.

हे आम्हांला पुस्तकातून कळलेले नाही. निदान आधी पुस्तकातून नाही. आम्ही दोघे, पती-पत्नी, विदर्भातल्या एका महाविद्यालयात मराठी शिकवतो. आमच्यातल्या एकाला २०१३ मध्ये नासाग्रसनीचा, म्हणजे नाकाच्या मागे आणि घशाच्या वर जी पोकळी असते तिथला कर्करोग झाला. वय तेव्हा छत्तीस. गाठ कवटीच्या तळाच्या हाडापर्यंत पोचली होती. ३५ लाईट आणि सोबत सलाईनमधून औषध, असा सात आठवड्यांचा उपचार मोठ्या शहरात राहून झाला. रोग गेला, आजतागायत परत आलेला नाही. या लेखाचा कर्ता ‘आम्ही’ आहे, कारण शरीर एकाचे असले तरी त्यानंतरचे वाचणे, लिहिणे, शिकवणे आणि आठवणे हे सर्व दोघांत वाटले गेले. आता कोणते वाक्य कोणाचे हे आम्हांलाही नेमके सांगता येणार नाही.

मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असा भेद आहे, आणि इंग्रजीत तो नाही, हे आम्ही पदवीच्या पहिल्या वर्षाला दरवर्षी शिकवतो. ऐकणाऱ्याला वगळून बोलायचे तर ‘आम्ही’, सामावून घेऊन बोलायचे तर ‘आपण’. उपचार करणारे डॉक्टर सारखे ‘आपण’ म्हणत. ‘सर, आपण सोमवारपासून लाईट सुरू करू या.’ ‘मॅडम, काळजी करू नका, आपण सात आठवड्यांत मोकळे होऊ.’ त्या सर्वसमावेशक सर्वनामाने आम्हांला फार धीर दिला, हे कृतज्ञतेने नमूद केले पाहिजे. परंतु प्लास्टिकची जाळीदार पट्टी गरम पाण्यात मऊ करून चेहऱ्यावर ओढून बसवतात, तिचा थंड झाल्यावर ताठ मुखवटा होतो, तो टेबलाला खिळवतात, आणि मग जाड दरवाजा बंद करून सगळे बाहेर जातात. तेव्हा ‘आपण’ मधला एकच जण आत उरतो. यंत्र दहा-पंधरा मिनिटे गुणगुणते. काही दुखत नाही, काही भाजत नाही. ‘शेक’ शब्दाने ज्याची अपेक्षा धरायला शिकवलेले असते, त्यातले काहीच घडत नाही.

जे घडायचे ते आधी तोंडात घडले. लाळ आटली, चव गेली, घास उतरेना. हे सर्वांना ठाऊक असलेले, सांगितलेले आणि दिसणारे त्रास. ते हळूहळू कमी झाले. उपचार संपल्यानंतर चारेक महिन्यांनी एक चमत्कारिक गोष्ट सुरू झाली. पुस्तकात पाहण्यासाठी मान खाली घातली, की मानेपासून पाठीतून पायांपर्यंत विजेची लहर जाई. मान वर केली की बंद. वाचायला बसणे हाच ज्याचा व्यवसाय त्याला प्रत्येक वेळी पुस्तकाने झटका द्यावा, यावर आम्ही घरात विनोदही केले. डॉक्टरांनी या लहरीचे नाव सांगितले. झां लेर्मित या फ्रेंच मज्जातंतुतज्ज्ञाच्या नावाने ती ओळखली जाते. मानेवर किरण पडल्यानंतर काही महिन्यांनी ती काही रुग्णांत येते. मज्जारज्जूतल्या तंतूंवर जे वेष्टण असते ते तात्पुरते विरते, म्हणून ती येते. वेष्टण पुन्हा तयार झाले की जाते. तशी ती गेली. शरीर पुढच्या तारखेचे देणे लिहून ठेवते, हे आम्हांला तेव्हा पहिल्यांदा कळले. पण ते देणे फिटले, म्हणून आम्ही ते विसरलो.

२०१५ च्या पावसाळ्यात डाव्या डोळ्याने लाल रंग फिका दिसू लागला. उत्तरपत्रिका तपासण्याच्या लाल पेनाची शाई उजव्या डोळ्याने लाल आणि डाव्याने विटकरी दिसे. दुखत नव्हते. डोळा लाल झालेला नव्हता. गावातल्या नेत्रतज्ज्ञांनी आत पाहिले तर सगळे व्यवस्थित. चष्म्याचा नंबरही बदललेला नव्हता. आठ दिवसांत मधोमध धुके आले, तीन आठवड्यांत डाव्या डोळ्याला फक्त खिडकी कुठे आहे एवढे कळू लागले. एका डोळ्यावरून दुसऱ्यावर बॅटरी नेली असता डावी बाहुली आकसण्याऐवजी रुंदावते, हे मोठ्या रुग्णालयातल्या तरुण डॉक्टरांनी पाहिले आणि त्यांनी पहिला प्रश्न विचारला, ‘पूर्वी कधी लाईट घेतली होती का?’ औषध टाकून केलेल्या एमआरआयमध्ये डावी दृष्टिनस चकाकत होती. डोळा निर्दोष होता. डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी वाट खचली होती.

इथे थोडे शास्त्र सांगणे आवश्यक आहे, कारण साहित्याच्या वर्तुळात आजाराविषयी पुष्कळ लिहिले जाते आणि त्यात आजार बहुधा रूपक होऊन येतो. हा आजार रूपक नाही. डोळ्याचे निरनिराळे भाग किरणांना निरनिराळ्या प्रकारे प्रतिसाद देतात. सर्वांत नाजूक असते ते भिंग. २०११ मध्ये आंतरराष्ट्रीय किरणोत्सर्ग संरक्षण आयोगाने मोतीबिंदूसाठीची धोक्याची मर्यादा बरीच खाली आणून अर्धा ग्रे केली. परंतु भिंग बदलता येते; ती शस्त्रक्रिया आता तालुक्याच्या गावीही होते. त्याच्या मागचा दृष्टिपटल अधिक सोसतो. त्याच्या बारीक रक्तवाहिन्या काही महिन्यांनी किंवा वर्षांनी झिरपू लागतात, मधुमेहात होते तसेच काहीसे होते, आणि डोळ्यात इंजेक्शन देऊन काही जणांची नजर राखता येते. या तिघांत जास्त सोसते ती दृष्टिनस, आणि एकदा खचली की तिच्यावरच उपाय नाही. स्टेरॉइड देतात, उच्च दाबाच्या कक्षात बसवून प्राणवायू देतात. आम्हीही दोन्ही घेतले. भरवशाने नजर परत आणील असे यांतले काही नाही.

नस इतके सोसते आणि मग एकाएकी का खचते, याचे उत्तर तिच्या संथपणात आहे. किरण मुख्यतः विभाजित होणाऱ्या पेशींना मारतात. कर्करोगाच्या पेशी वेगाने विभागतात, म्हणून मरतात; तोंडाच्या अस्तराच्या पेशीही विभागतात, म्हणून तोंड लगेच सोलवटते. मज्जापेशी विभागत नाहीत, त्यामुळे त्या वाचल्या असे वाटते. परंतु त्यांना रक्त पुरवणाऱ्या केशवाहिन्यांचे अस्तर आणि त्यांच्या तंतूंवर वेष्टण चढवणाऱ्या पेशी फार मंद गतीने विभागतात. मोडका डीएनए घेऊन त्या महिनोन्महिने काम करत राहतात आणि विभागण्याची वेळ आली की कोसळतात. मग नसेचा पुरवठा तुटतो. म्हणून हे नुकसान बहुधा दीड वर्षाच्या आसपास आणि बहुतेकदा तीन वर्षांच्या आत दिसते. क्वचित त्याहूनही उशिरा. १९२० च्या दशकात पॅरिसमध्ये क्लोद रेगो आणि आंरी कुतार यांनी एकदम मोठी मात्रा देण्याऐवजी ती अनेक दिवसांत वाटून देण्याची पद्धत रूढ केली, ती निरोगी पेशींना रोज रात्री डागडुजीसाठी सवड मिळावी म्हणून. आमच्या ३५ लाईट म्हणजे त्याच विचाराचे फळ. पण डागडुजीलाही मर्यादा असते. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यानुसार, रोजची मात्रा सुमारे दोन ग्रे असेल तर दृष्टिनसेवर एकूण ५५ ग्रेपर्यंत असे नुकसान विरळा होते. ५५ ते ६० मध्ये शंभरात तीन ते सात जणांना होते. ६० च्या वर गेल्यावर ते सात ते वीसपर्यंत चढते.

आम्ही जुनी फाईल मागवली तेव्हा तिच्यात डाव्या दृष्टिनसेची सर्वाधिक मात्रा लिहिलेली होती : ६१ ग्रे. ती चुकून पडलेली नव्हती. गाठ जिथपर्यंत पोचली होती तिथून नस काही मिलिमीटरवर होती. उपचाराचा आराखडा करणाऱ्या डॉक्टरांना आम्ही भेटलो. त्यांनी संगणकावर ते जुने चित्र उघडले, रंगीत वलये दाखवली आणि म्हणाले, ‘सर, इथे कमी केले असते तर तिथे राहून गेले असते.’ या वाक्यात कोणतीही पळवाट आम्हांला दिसली नाही. भाषेच्या माणसाला हे वाक्य पटते, कारण ते संकेतार्थात आहे आणि त्याची दोन्ही अंगे दिसत आहेत.

मग आम्ही २०१३ मध्ये सही केलेले संमतिपत्रही पुन्हा वाचले. वर्गात कविता वाचतो तसेच, शब्द शब्द थांबून. त्यात नजरेविषयीचे एक वाक्य होते, आणि तेही मराठीत होते : उपचारानंतर काही काळाने दृष्टीवर परिणाम होण्याची शक्यता असते. विधान म्हणून ते खरे आहे. पण त्यातला प्रत्येक शब्द नरम आहे. ‘काही काळाने’ म्हणजे किती? सही करणाऱ्याला वाटते, काही दिवसांनी. ‘परिणाम’ म्हणजे? परिणाम चांगलाही असतो. ‘शक्यता’ कोणाची, शंभरात किती जणांची? आणि सर्वांत महत्त्वाचे, या वाक्यात माणूसच नाही. कोणाची दृष्टी, कशामुळे जाईल, हे सांगणारी सगळी पदे गाळलेली आहेत. ‘दीड-दोन वर्षांनी तुमच्या डाव्या डोळ्याची नजर कायमची जाऊ शकते, रंग फिके दिसू लागले तर त्याच दिवशी या,’ असे लिहिता आले असते. ते लिहिले असते तरी आम्ही सही केलीच असती, आणि बहुधा नजरही गेलीच असती. फरक इतकाच पडला असता की ज्या दिवशी लाल शाई विटकरी झाली त्या दिवशी आम्हांला तिचा अर्थ लागला असता.

हा अर्थ लागणे क्षुल्लक नाही. प्रत्येक आजाराची एक गोष्ट असते आणि तिचा शेवट आपण आधीच ठरवलेला असतो : बरा झाला, किंवा गेला. ‘बरा झाला’ या दोन शब्दांनंतर पूर्णविराम येतो. नातेवाईक पेढे घेऊन येतात, फाईल कपाटावर जाते. ज्याची नजर दोन वर्षांनी जाते, त्याची गोष्ट या पूर्णविरामाच्या पलीकडे घडत असते, आणि तिथे ऐकायला कोणी बसलेले नसते. ‘दुष्परिणाम’ हा शब्दही इथे अपुरा पडतो. दुष्परिणाम औषधाच्या शेजारी उभा असतो. औषध थांबले की तोही जातो, अशी समजूत आहे. इथे औषध थांबल्यानंतरच सुरुवात होते. आम्ही आपापसांत ‘उत्तरपरिणाम’ म्हणू लागलो आहोत. शब्द थोडा कृत्रिम आहे खरा, पण त्यात निदान काळ आहे.

किरणांनी डोळ्यांवर आकारलेल्या किमतीच्या नोंदी तशा जुन्या आहेत. राँटगेनला क्ष-किरण सापडले १८९५ मध्ये, क्युरी दांपत्याला रेडियम १८९८ मध्ये. मारी क्युरी यांना पुढे दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाले. ते किरणोत्सर्गामुळे झाले असावेत असे मानले जाते. त्यांच्यावर चार शस्त्रक्रिया झाल्या. मुलगी एव्ह यांनी १९३७ मध्ये लिहिलेल्या चरित्रात असे येते की आईने ही गोष्ट लपवून ठेवली होती. उपकरणांच्या तबकड्यांवर रंगीत खुणा केल्या होत्या, आणि व्याख्यानांची टिपणे प्रचंड मोठ्या अक्षरांत लिहिली जात. विज्ञानाच्या इतिहासात या तपशिलाला फारशी जागा नाही. पण ज्याने वर्गात जाण्याआधी स्वतःची टिपणे मार्करने, एका पानावर सहा ओळी, अशी लिहून काढली आहेत, त्याला तो तपशील चरित्रातल्या दोन्ही नोबेलांहून जवळचा वाटतो.

कारण पुढे उजव्या डोळ्यापर्यंतही ते पोचले. दोन्ही दृष्टिनसा मेंदूच्या तळाशी जिथे एकमेकींना भेटतात तिथे त्यांचे निम्मे तंतू फुली मारून पलीकडे जातात. त्या फुलीलाही काही मात्रा लागली होती. उजव्या डोळ्याची मधली नजर राहिली, बाहेरच्या बाजूचे अर्धे क्षेत्र गेले. डावा डोळा आधीच गेलेला. परिणाम असा की समोर पाहिले असता उजवीकडचे काही दिसत नाही. रस्ता ओलांडताना याचा त्रास होतोच. परंतु खरी पंचाईत पुस्तकात होते. देवनागरी डावीकडून उजवीकडे जाते. वाचणारा डोळा एका शब्दावर असतो तेव्हा पुढचा शब्द अर्धवट आधीच टिपतो, आणि त्यामुळेच वाचन वाहते. इथे प्रत्येक शब्दानंतर पान संपते. वाक्य किती लांब आहे, क्रियापद केव्हा येणार, ओळ कुठे वळणार, काहीच कळत नाही. अशीच हानी डाव्या बाजूला झाली असती तर मराठी वाचकाला ओळीचा आरंभ शोधावा लागला असता, आणि उर्दू वाचकाला आज आम्हांला जे भोगावे लागते ते भोगावे लागले असते. लिपीच्या दिशेचा विचार आम्ही भाषाविज्ञानाच्या तासाला करत आलो होतो. तिचा असा अर्थ असेल असे कधी वाटले नव्हते.

यावर एक युक्ती आहे. पुस्तक चौथाई फिरवून धरायचे, म्हणजे ओळ उभी होते आणि वरून खाली वाचता येते. पुढचा शब्द उजवीकडे न राहता खाली येतो. शिरोरेषा दोरीसारखी लोंबते आणि अक्षरे तिला आडवी लटकतात. पहिले काही महिने डोके दुखले, आता दहाएक पाने जमतात. उरलेले दुसरी वाचून दाखवते. सहकाऱ्यांनी तिला प्रेमाने ‘संजय’ हे नाव दिले, ते आम्हांला फारसे रुचले नाही. संजयाने जे दिसले ते सांगितले, इथे तर दोघांनी मिळून अर्थ लावायचा असतो, आणि त्यात भांडणेही होतात. मोठ्याने वाचल्यामुळे आमचे काही आवडते लेखक आमच्या मनातून उतरले आणि ज्यांना आम्ही साधे समजत होतो असे काही चढले, ही गोष्टही नोंदवण्यासारखी आहे. अमरावतीकडच्या माणसाला अशा वेळी गुलाबराव महाराज आठवणे स्वाभाविक आहे. लहानपणीच अंध झालेल्या या सत्पुरुषाने १८८१ ते १९१५ या अवघ्या ३४ वर्षांच्या आयुष्यात इतरांकडून ग्रंथ वाचवून घेऊन प्रचंड लेखन केले. आप्तेष्ट त्यांचे नाव घेतात आणि ‘प्रज्ञाचक्षू’ हा शब्द उच्चारतात. शब्द आदराचा आहे, हे आम्ही जाणतो. परंतु तो स्वीकारला की गेलेल्या डोळ्याविषयी बोलणे बंद होते. त्याच्या बदल्यात काहीतरी मोठे मिळाले असे धरून चालावे लागते. आम्हांला तसे काही मिळालेले नाही.

२०१७ मध्ये नामे जाऊ लागली. डाव्या कानशिलामागचा मेंदूचा भाग किरणांच्या वाटेत होता. तिथे एमआरआयमध्ये पांढरा डाग आणि सूज दिसली. पहिल्या दिवशी सर्वांना एकच भीती वाटली, रोग परतला. तो नव्हता, किरणांनी मृत झालेला मेंदूचा तुकडा होता. चित्रात हे दोन्ही पुष्कळदा सारखे दिसतात, म्हणून तीन महिने थांबून पुन्हा तपासावे लागले. त्या तीन महिन्यांविषयी आम्ही कधी लिहिणार नाही. स्टेरॉइडने सूज काही उतरली, मग बेव्हॅसिझुमॅब नावाचे औषध शिरेतून दिले. झिरपणाऱ्या रक्तवाहिन्यांवर ते काम करते. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अवघ्या १४ रुग्णांच्या पण काटेकोरपणे केलेल्या एका चाचणीत त्याचा गुण दिसून आला होता. आम्हांलाही आला. तरी काही नामे परत आली नाहीत, किंवा उशिरा येतात. ‘विळी’ हा शब्द हवा असतो आणि तोंडात येते, ‘ते जमिनीवर ठेवून भाजी चिरायचे’. क्रियापदे शाबूत आहेत, विशेषणे आहेत, म्हणी तर अख्ख्या आहेत. फक्त वस्तूंची नावे निसटतात. वर्गात मुलांना ते कळते. एखादा शब्द अडला की मागच्या बाकावरून कोणीतरी तो हलकेच पुरवते आणि तास पुढे जातो. या मुलांनी एकदाही हसून दाखवले नाही, हे इथे लिहून ठेवतो.

याच काळात तंत्र पुढे गेले, हेही न्यायाने सांगायला हवे. संपूर्ण मेंदूवर किरण द्यावे लागतात तेव्हा स्मरणाशी निगडित असलेला हिप्पोकॅम्पस हा भाग टाळला आणि सोबत मेमँटिन हे औषध दिले, तर स्मृती व बुद्धी अधिक टिकून राहतात, असे २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीने दाखवले. ठरलेल्या खोलीवर जाऊन थांबणारे प्रोटॉन किरण खारघर येथील टाटा स्मारक केंद्राच्या संस्थेत २०२३ पासून दिले जाऊ लागले. आमच्यानंतर येणाऱ्यांच्या नसा कदाचित अधिक वाचतील. ज्यांना आज लाईट घ्यायची आहे त्यांनी या लेखामुळे ती टाळावी असे कोणाला वाटले, तर आम्ही फार वाईट लेख लिहिला असे होईल. ती घेतली नसती तर हा लेख लिहायला ‘आम्ही’ नसतो. एकच जण असता.

आणि इथेच आमचा खरा मुद्दा येतो, तो एका अव्ययाचा आहे. भेटायला येणारे एक वाक्य हमखास म्हणतात. मावशी म्हणाल्या, ‘डोळा गेला, पण जीव तर वाचला ना बाप्पा!’ प्राचार्य म्हणाले, शेजारी म्हणाले, आम्ही स्वतःही पुष्कळ दिवस तेच म्हणालो. व्याकरणात ‘पण’, ‘परंतु’ यांना न्यूनत्वबोधक उभयान्वयी अव्यय म्हणतात : पहिल्या वाक्यातली उणीव किंवा कमीपणा दाखवून ते दुसऱ्याकडे नेते. ‘डोळा गेला, पण जीव वाचला’ असे म्हटले की डोळा उणा पडतो. त्याविषयी बोलायचे आता काही उरले नाही असा त्याचा भाव होतो. उलट क्रमाने, ‘जीव वाचला, पण डोळा गेला’ असे म्हटले की उपचार उणा पडतो, डॉक्टर अपराधी ठरतात, आणि सात आठवडे ज्यांनी राबून एक माणूस परत दिला त्यांच्यावर अन्याय होतो. म्हणजे या एका ‘पण’ने दर वेळी कोणाला तरी गप्प करावे लागते, एकदा रुग्णाला, एकदा वैद्याला. आम्ही दोन्ही वाक्ये बोलून पाहिली आहेत. सकाळी एक आणि रात्री दुसरे, असेही दिवस गेले.

दुसरे एक अव्यय आहे, समुच्चयबोधक. जीव वाचला आणि डोळा गेला. व्याकरणाच्या पुस्तकात हे सर्वांत सोपे, पहिल्या परिच्छेदात उरकले जाणारे अव्यय. ते दोन वाक्ये शेजारी ठेवते आणि एकालाही दुसऱ्याचा खुलासा करायला लावत नाही. आमच्या घरात गेली काही वर्षे हे वाक्य असेच बोलले जाते. ते बोलायला लागल्यापासून डॉक्टरांविषयीची कृतज्ञता लपवावी लागत नाही आणि रात्री पान उभे धरून वाचताना येणारा राग गिळावा लागत नाही. दोन्ही खऱ्या गोष्टी आहेत. त्यांची बेरीज-वजाबाकी होत नाही, हे मान्य करायला आम्हांला बराच वेळ लागला.

हा लेख वाचणाऱ्यांत शिक्षक आहेत, विद्यार्थी आहेत. त्यांच्या घरी, वर्गात, कर्मचारी-कक्षात लाईट घेऊन आलेले कोणी ना कोणी असेलच. त्यांना दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. पहिली व्यवहाराची. उपचार संपला की कोणत्या भागाला किती ग्रे मिळाले याचा कागद मागून घ्यावा आणि तो जन्मदाखल्यासारखा जपावा. दहा वर्षांनी दुसऱ्या गावातल्या डॉक्टरला तोच उपयोगी पडतो. रंग फिके वाटले, नजरेत डाग आला, शब्द अडू लागले, तर ‘तो आजार तर केव्हाच संपला’ असे म्हणू नये. त्याच दिवशी दाखवावे आणि लाईटची गोष्ट आपणहून सांगावी. दुसरी गोष्ट भाषेची. भेटायला गेल्यावर ‘पण’ने सुरू होणारे वाक्य शक्यतो टाळावे. काय हरवले ते विचारावे, त्याने सांगितले तर शेवटपर्यंत ऐकावे, आणि अडलेला शब्द आपल्याला माहीत असेल तर तो हलक्या आवाजात पुरवावा.